टिपणीस वकिलांच्या नर्सा

पनवेलहून आमच्या वेळी ज्या मुली मुंबईला नर्सिंगला गेल्या, त्यांची तयारी ज्या माणसाने करून घेतली त्याला रक्त पाहवत नसे. दाढी करताना हनुवटीला जरा कापलं की टिपणीस वकील आरसा पालथा घालून ओटीवरच्या बाकावर आडवे होत. मग त्यांच्या पत्नी सुमतीकाकू तुरटीचा खडा घेऊन येत, तो जखमेवरून फिरवत आणि म्हणत, "उठा. थांबलं." वकील डोळे न उघडता विचारत, "नक्की?"

आम्ही त्यांचे शेजारी. दोन घरांच्या मधे जास्वंदीचं कुंपण होतं. माझे वडील बैलगाडीच्या चाकांचा व्यापार करत. त्यामुळे आमच्या अंगणात चाकं रचलेली असत आणि पलीकडच्या ओटीवर कायद्याची पुस्तकं. दोन्हींवर सारखीच धूळ बसायची, पण चाकं निदान विकली जात. गाव त्यांना अण्णा वकील म्हणायचं. मी नुसतं अण्णा म्हणायचे.

अण्णा उंच, किडकिडीत. काळा कोट घातला की खुंटीवरून तो अजून उतरलेलाच नाही असं वाटायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू दवाखान्यात नर्स होत्या आणि आसपासच्या गावांत बाळंतपणांना जात. कधी कोनहून गाडी यायची, कधी शिरढोणहून. गाडी आली की काकू पिशवी उचलून निघत, आणि अण्णा दारापर्यंत जाऊन गाडीवानाला विचारत, "कळा केव्हा सुरू झाल्या? कोणी सांगितलं?" गाडीवान बैलांकडे बघायचा.

त्यांची वकिली चालली नाही. त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. ते आपल्याच अशिलावर विश्वास ठेवत नसत. वाईट हेतूने नव्हे. ते कोणावरच ठेवत नसत. एका शेतकऱ्याने शेजाऱ्यावर दावा केला होता, की बांधावरचं माझं आंब्याचं झाड त्याने तोडलं. अण्णा त्याचे वकील. त्यांनी आपल्या अशिलाला पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, "झाड तोडताना तुम्ही पाहिलंत?"

"नाय. पन त्यानंच तोडला."

"कशावरून?"

"दुसरा कोन तोडनार?"

"ते मी तुम्हाला विचारतो आहे," अण्णा म्हणाले.

समोरच्या पक्षाचे वकील प्रश्नांचे कागद हातात घेऊन उठले होते, ते परत खाली बसले. दावा फेटाळला गेला. अशील कोर्टाबाहेर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "मी वकील माझा केलता का त्याचा?" अण्णांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "झाड कोणी तोडलं हे अजून कळलेलं नाही."

मासे विकायला येणारी कोळीणसुद्धा त्यांच्या दाराशी टोपली उतरवायला नाखूश असे. "ताजी हाय" असं तिने म्हटलं की अण्णा विचारायचे, "ताजी म्हणजे कधीची? जाळ्यातून काढताना तू होतीस का?" एकदा ती वैतागून म्हणाली, "वकील, तुमाला मासली खायाची हाय का कोर्टान न्यायाची हाय?" तेव्हापासून मासे काकूंनीच घ्यायचे असं ठरलं.

अशा माणसाकडे मुली शिकायला कशा आल्या, ते सांगते.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत प्रवेशासाठी परीक्षा असे. भाषा आणि गणित यांचे पेपर होतेच, पण तिसरा एक पेपर होता, त्याला आमच्याकडे सगळे 'सारासार विचाराचा पेपर' म्हणत. त्यात पाठ करण्यासारखं काही नसे. काहीतरी प्रसंग द्यायचे आणि विचारायचं, यावरून काय कळतं? तुम्ही काय कराल? पुस्तक नाही, गाइड नाही. पनवेलच्या मुली पहिल्या दोन पेपरांत तरत आणि तिसऱ्यात बुडत.

बाजारपेठेतली शकुंतला अशीच बुडून आली आणि रडत सुमतीकाकूंकडे गेली. काकू बाळंतपणाला गेल्या होत्या. ओटीवर अण्णा होते. रडणाऱ्या मुलीशी काय बोलायचं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "प्रश्न काय होता?"

प्रश्न असा होता, की रोगी झोपलेला आहे, खाटेखाली पेला फुटून पडला आहे, पाणी सांडलं आहे. काय झालं असेल? शकुंतलाने लिहिलं होतं, की रोग्याला वेळेवर औषध न मिळाल्याने तो संतापला आणि त्याने पेला फेकला.

"संताप कुठे दिसला?" अण्णांनी विचारलं.

"पेला फुटला ना."

"पेल्याला संताप आला होता?"

शकुंतला रडायची थांबली. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. पेला कडेला होता का? मांजर होतं का? रोगी झोपला आहे की बेशुद्ध आहे? प्रश्नात झोपला आहे असं म्हटलंय, पण ते कोणी पाहून म्हटलंय? काकू परतल्या तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि ओटीवर खाटेखालच्या पेल्याची उलटतपासणी अजून चालू होती. शकुंतला पुढच्या खेपेला पास झाली. त्या वर्षापासून अण्णांच्या ओटीवर मुली यायला लागल्या. कोर्टात जे कोणाला नको होतं त्याला शेवटी गिऱ्हाईक मिळालं.

मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा आम्ही चौघीजणी होतो. अण्णा आम्हाला 'तुम्ही' म्हणायचे. शाळेत मास्तर टपली मारत, घरी सगळे अगंतुगं करत, इथे परकराचा ओचा सावरत बसलेल्या मुलीला एक काळ्या कोटातला गृहस्थ विचारायचा, "तुमचं म्हणणं काय?" पहिले काही दिवस आमचं काही म्हणणंच नसायचं.

काही शब्द त्या ओटीवर बंद होते. 'अर्थातच' बंद. 'उघडच आहे' बंद. 'बहुतेक' चालेल, पण त्याच्या मागे कारण हवं. "माझी बहीण बहुतेक आजारी आहे" असं एकीने म्हटलं तर तिच्या बहिणीची चौकशी होईपर्यंत त्या दिवशीचा धडा पुढे सरकला नाही.

कधी ते आम्हाला कोर्टात नेत. मागच्या बाकावर वेण्या घातलेल्या चार मुली बसलेल्या पाहून पट्टेवाल्याला पहिल्यांदा वाटलं, आम्ही साक्षीदार आहोत. अण्णांनी सांगून ठेवलेलं असायचं, "कोण खोटं बोलतो ते शोधू नका. ते न्यायाधीश बघतील. न पाहिलेलं पाहिल्यासारखं कोण बोलतो, ते शोधा." पहिल्या दिवशी आम्हाला असे सगळेच सापडले. अण्णा म्हणाले, "बरोबर."

आणि कधी ते स्वतः रोगी व्हायचे. बाकावर पाय लांब करून, अंगावर पंचा ओढून पडायचे, आणि आम्ही जे दिसेल ते पाटीवर लिहायचं. रोगी म्हणून अण्णा फारच वाईट होते. मधेच उठून बसायचे आणि आमच्या वाक्याला हरकत घ्यायचे. एकदा दुपारची वेळ होती, त्यांना खरोखर झोप लागली. शेवंता नावाची मुलगी होती, तिने लिहिलं, "रोगी मेला."

"आधार?" पंचाखालून आवाज आला.

"तीनदा हाक मारली. ओ दिली नाही."

"अपुरा," असं म्हणून रोगी कुशीवर वळला.

काकू कामावरून येत तेव्हा या रोग्याला वळसा घालून आत जात. त्यांना हे सगळं पटत नसे असं नाही, पण त्यांची चाल वेगळी होती. त्या आतून कोलंबी सोलता सोलता म्हणायच्या, "अहो, तुम्ही विचार करत बसाल तोवर रोगी जाईल." अण्णा म्हणायचे, "घाईने मारण्यापेक्षा बरं." मी काकूंना एकदा विचारलं, तुम्हीच का नाही शिकवत? त्या म्हणाल्या, "मला करता येतं गं. का केलं ते सांगता येत नाही. यांना सांगता येतं, करता येत नाही. संसार चाललाय."

हिरा म्हात्रे आली ती काकूंच्या ओळखीने. रोडपालीची. वडील मिठागरावर कामाला. काकू तिच्या भावजयीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तिथे पाणी तापवणं, दिवा धरणं, सगळं ही मुलगी न सांगता करत होती. मराठी सातवीची परीक्षा ती पास झालेली होती, आणि तेव्हा नर्सिंगच्या खालच्या कोर्सला तेवढ्यावर घेत. हिरा चालत यायची, आणि ओटीवर पाय ठेवण्याआधी कळशीतलं पाणी पायांवर घ्यायची. मिठागराची पांढरी माती तिच्या टाचांना चिकटलेली असे.

पहिल्या दिवशी अण्णांनी तिला कसलासा प्रसंग सांगितला आणि विचारलं, "यावरून काय कळतं?"

हिराने थोडा विचार केला. म्हणाली, "नाय ठाव."

आम्ही हसलो. अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले. इतकी वर्षं कोर्टात उभं राहूनही 'मला माहीत नाही' म्हणणारा साक्षीदार त्यांना मिळाला नव्हता. "पुन्हा सांगा," ते म्हणाले.

"नाय ठाव. तुमी पुरा सांगितलाच नाय."

त्या दिवसापासून अण्णा तिच्याकडे फार आदराने बघायला लागले. आम्ही पानं भरून लिहायचो, हिरा दोन ओळी लिहायची. अण्णा आमची पानं खोडून खोडून दोन ओळींवर आणायचे. काकूंना मात्र तिची काळजी वाटे. "परीक्षेत 'नाय ठाव' लिहिलंस तर भोपळा देतील," त्या म्हणायच्या. हिरा म्हणायची, "मंग तितं नाय लिवनार. पन खरा तेच हाय."

उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही गेलो तर अण्णा आधीच बाकावर आडवे होते. पंचा अंगावर. आम्ही पाट्या घेऊन बसलो आणि लिहायला लागलो. रोगी पाय पोटाशी घेऊन पडला आहे. रोगी कण्हतो आहे. रोग्याच्या कपाळावर घाम आहे. शेवंता माझ्या कानाशी कुजबुजली, "आज चांगलं करतायत." मलाही तसंच वाटलं. घाम कसा आणला असेल याचंच मला नवल वाटत होतं.

हिराने पाटी खाली ठेवली. ती उठून बाकापाशी गेली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावला.

"अण्णा, पुरे."

"लिहा," अण्णा म्हणाले. आवाज खोल गेला होता.

"अंग तापलाय तुमचा."

"काल कोलंबी जास्त झाली. पोट बिघडलंय. त्याचाच... उपयोग करून घ्या."

हिराने त्यांच्या पोटावर उजव्या बाजूला हात ठेवून हळूच दाबला आणि काढला. हात काढताना अण्णा असे ओरडले, की आमच्या अंगणातून वडील कुंपणापाशी आले.

"कोलंबीच आहे," अण्णा म्हणाले.

"आसंल."

"मग?"

"नाय बी आसंल."

"तुमचं म्हणणं काय? नक्की काय झालंय ते आधी ठरवा."

"नाय ठाव," हिरा म्हणाली आणि कुंपणाकडे वळली. "विमलचे बाबा, गाडी जोडा."

अण्णांनी हरकत घेतली. निदानाशिवाय रोग्याला हलवणं चूक आहे, सुमती कोनहून संध्याकाळपर्यंत येईलच, तिला येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं म्हणणं पुरं होईपर्यंत हिरा आणि माझ्या वडिलांनी त्यांना पंचासकट उचलून गाडीत घातलं होतं. आम्ही बाकीच्या पाट्या धरून तशाच उभ्या होतो. मग मी पाटी टाकून गाडीमागे धावले. शेवंता कोनला काकूंना निरोप द्यायला निघाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट बघितलं आणि म्हणाले, आंत्रपुच्छ सुजलंय, म्हणजे अपेंडिक्स, इथे माझ्याने होणार नाही, ठाण्याला न्या, आणि आत्ताच न्या. पोह्यांच्या गिरणीचा ट्रक माल भरून निघायच्या बेतात होता. अण्णांना पोत्यांवर घोंगडी घालून निजवलं. ट्रक सुरू होताना ते कंपाउंडरला विचारत होते, "डॉक्टरांनी हे कशावरून ठरवलं?" कंपाउंडर म्हणाला, "वकीलसाहेब, तोंड मिटा, धूळ जाईल." हिरा ट्रकमध्ये त्यांच्या उशाशी बसून गेली. काकू मागून एस.टी.ने पोचल्या. तोवर ऑपरेशन झालेलं होतं.

अण्णा बरे होऊन आले, ओटीवर बसायला लागले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी हा प्रसंग आमच्यापुढे ठेवला. "हिराने पुरावा पुरा नसताना निर्णय घेतला," ते म्हणाले. "निर्णय बरोबर निघाला. हे उदाहरण अनुकरण करण्यासारखं आहे की नाही, यावर माझा विचार चालू आहे."

आतून काकू म्हणाल्या, "तुम्ही विचार करायला उरलात ते तिच्यामुळे."

"ते मी नाकारत नाही," अण्णा म्हणाले. आमच्याकडे न बघता त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

परीक्षा जवळ आली होती आणि हिराच्या घरी तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं. एके दिवशी तिचे वडील, चांगा म्हात्रे, स्वतः अण्णांकडे आले. मी आत काकूंपाशी तांदूळ निवडत होते. चांगा म्हात्रे ओटीच्या पायरीवर बसले. अण्णांनी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. ते नको म्हणाले. मग अण्णाही उठून पायरीवर बसले. ऑपरेशनच्या टाक्यांमुळे त्यांना खाली बसायला बराच वेळ लागला.

"सायेब, पोरगी मुंबयला जाते म्हंते."

"हो."

"शालंचा मास्तर बोलला, पोरगी नर्स झाली का तुमचं दिवस पालटतील."

"मास्तरांना ते कसं कळलं?"

"नर्सबाय बोलली, पोरगी नापास व्हनारच नाय."

आत काकूंनी सूप खाली ठेवलं.

"ते तिचं मत आहे," अण्णा म्हणाले.

"मंग तुमी सांगा. पास व्हईल का?"

"सांगता येत नाही."

"मुंबयला गेली तं परत घरी येल का?"

"ते ती ठरवेल."

"आनि लगीन? नर्सशी लगीन कोन करील?"

"एकाने केलं," अण्णा म्हणाले. "मी. बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही."

चांगा म्हात्र्यांचा आवाज चढला. "मंग सायेब, तुमाला ठाव हाय तरी काय?"

अण्णा विचार करत राहिले. काकू दाराआड उभ्या होत्या, आणि त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला हलता येईना. शेवटी अण्णा म्हणाले, "तिने मला गाडीत घातलं नसतं तर मी मेलो असतो, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर तसं म्हणाले, एवढं मला माहीत आहे."

चांगा म्हात्र्यांनी डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "येतू," म्हणाले आणि गेले.

काकू बाहेर आल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "एकदा! जन्मात एकदा 'हो, सगळं चांगलं होईल' असं म्हणायला काय झालं होतं? कोर्टात होता का तुम्ही?"

"त्यांनी विचारलं," अण्णा म्हणाले. "विचारलं नसतं तर मी काहीच बोललो नसतो." पण त्यांना जेवण गेलं नाही. पुढचे काही दिवस हिरा आली नाही, आणि अण्णा वर्ग चालू असताना सारखे रस्त्याकडे बघत होते. एकदा शेवंताने त्यांच्यासमोर 'अर्थातच' असा शब्द वापरला आणि तो त्यांच्या कानावरून गेला.

मग एका सकाळी हिरा आली. पायांवर पाणी घेतलं, ओटीवर चढली आणि पाटी मागितली. वडिलांनी परवानगी दिली होती. का दिली, यावर गावात मतं होती. मास्तर म्हणाले, माझ्यामुळे. काकू म्हणाल्या, मी तिच्या आईला जाऊन भेटले म्हणून. काहीजण म्हणाले, वकिलाने खोटं आश्वासन दिलं नाही, ते म्हाताऱ्याला आवडलं. माझे वडील म्हणाले, नवऱ्याकडच्यांनीच नकार दिला असेल. मी हिराला विचारलं.

"नाय ठाव," ती म्हणाली. "मी इचारला नाय. इचारला आसता तं त्यानं बदलला आसता."

परीक्षेला आम्ही एस.टी.ने ठाण्यावरून गेलो. काकू सोबत होत्या. सारासार विचाराच्या पेपरात एक प्रश्न मला आजही तोंडपाठ आहे. वॉर्डात तुम्ही एकट्या आहात. एक रोगी ओरडतो आहे, दुसरा अशक्त रोगी खाटेवरून उतरू पाहतो आहे, आणि दारातून डॉक्टर तुम्हाला हाक मारत आहेत. आधी काय कराल?

मी लिहिलं, की ओरडण्यावरून वेदना सिद्ध होत नाही. मग ओरडण्याची दुसरी संभाव्य कारणं लिहिली. मग अशक्त हे विशेषण कोणी आणि कशाच्या आधारे लावलं, याकडे वळले. डॉक्टरांच्या हाकेपर्यंत मी पोचले तेव्हा घंटा झाली आणि निम्मा पेपर कोरा राहिला.

हिराने लिहिलं होतं, "उतरणाऱ्याला धरीन. धरता धरता ओरडणाऱ्याला विचारीन काय होतंय. डॉक्टर चालत येऊ शकतात."

हिरा पास झाली. शेवंता पास झाली. मी नापास झाले. अण्णांनी मला माझी उत्तरं आठवून पुन्हा लिहायला लावली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "यात एकही चूक नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं दुःख होतं, की मलाच त्यांची समजूत काढावीशी वाटली.

पुढच्या वर्षी वर्गात एक फरक झाला. काकू तांदळाचं सूप घेऊन दारात बसायला लागल्या. अण्णा प्रश्न घालायचे, मी विचार करायला लागायचे, आणि थोड्या वेळाने काकू सूप पाखडता पाखडता म्हणायच्या, "मेला."

"अगं, ती विचार करतेय," अण्णा म्हणायचे.

"करू दे. तो मेला. पुढचा घ्या."

त्या पावसाळ्यात माझ्या हातून बरेच रोगी दगावले. हळूहळू कमी झाले. मी पास झाले, आणि अण्णांनी माझ्या वडिलांना ओटीवर बोलावून सोड्यांची खिचडी खायला घातली. जेवताना ते वडिलांना म्हणाले, "मुलगी चांगली नर्स होईल." काकूंच्या हातातली वाढायची पळी तशीच राहिली. अण्णांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच पाणी मागितलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मुंबईला. पुष्कळ वर्षं मधे गेली होती. काकू दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मी आणि हिरा तेव्हा एकाच इस्पितळात होतो. डोळ्यांच्या वॉर्डावर हिरा सिस्टर होती. तिचं बोलणं तोवर मुंबईच्या माणसांसारखं झालं होतं. रोडपालीची बोली ती फक्त घरच्या माणसांसाठी ठेवायची.

ऑपरेशन झालं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, आणि मान हलवायची नाही म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. अण्णा शेजारी स्टुलावर बसून होते. कोट तोच. केस सगळे पांढरे झालेले. ते काकूंना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, आणि प्रत्येक बातमी संपली की सांगत होते, ती कितपत खरी असेल. काकू म्हणत होत्या, "पुढे वाचा."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नातेवाईक उठले. अण्णा बसून राहिले.

हिरा आली. "अण्णा, घंटा झाली."

"ऐकली मी. पण मला असं विचारायचंय, की हा नियम केला तेव्हा..."

"उठा अण्णा."

अण्णा उठले. वर्तमानपत्राची घडी केली, छत्री घेतली. काकूंच्या पांघरुणाची एक कड सरळ केली. ती सरळच होती. "मी खाली आहे," ते म्हणाले.

"खाली कुठे?" काकूंनी विचारलं.

"खालीच."

ते गेले. मी तिथेच होते, माझी ड्यूटी संपली होती. हिरा काकूंच्या डोळ्यांवरची पट्टी सारखी करत होती. थोड्या वेळाने मी खिडकीपाशी गेले. खाली अंगणात भर उन्हात अण्णा उभे होते. छत्री हातावर अडकवलेली, उघडलेली नव्हती. मान वर करून ते बोटाने खिडक्या मोजत होते. एक मजला, दोन मजले, मग डावीकडून. मोजून झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि हलवायला सुरुवात केली. पण ते आमच्या खिडकीकडे बघत नव्हते. समोरच्या इमारतीतल्या खिडकीकडे बघत होते. तिथे हाडांचा वॉर्ड होता. त्या खिडकीत एक हात प्लास्टरमध्ये असलेला माणूस उभा होता. तो जरा गोंधळला. मग त्याने चांगला हात वर केला आणि हलवला. अण्णांना बरं वाटलेलं दिसलं. ते आणखी जोरात हात हलवायला लागले.

मी हिराला खुणेने बोलावलं. तिने खाली पाहिलं, समोर पाहिलं.

"गेले का गं ते?" काकूंनी खाटेवरून विचारलं.

"नाय काकू," हिरा म्हणाली. "खाली उभे हायत. हात हलवतात."

काकूंनी पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला, मान जराही न हलवता तो वर उचलला आणि छताकडे हलवला.

"दिसतंय का त्यांना?"

हिरा खिडकीत उभी होती. "दिसतंय," ती म्हणाली.

खाली अण्णा हात हलवत होते. समोरच्या खिडकीतल्या माणसाने तोवर आणखी एकाला बोलावून आणलं होतं, आणि आता ते दोघेही हात हलवत होते.